निळ्या खेकड्यांचं नाव

रेलीन आणि केल्विनची पहिली भेट झाली त्या दिवशी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या जेम्सटाउनच्या मेंढीबाजारात इतकं ऊन होतं की कोंबड्या उकडलेलीच अंडी घालत होत्या आणि माशांनीसुद्धा बारा ते तीन सुट्टी घेतली होती. अपवाद एकाच माशीचा. ती कामसू होती. ती रेलीनच्या नाकावर बसली, रेलीनने हात उचलून तिला हाकललं, आणि समोर लिलावाच्या फळीवर उभा असलेला ताडमाड, लालभडक कानांचा पोरगा तळहातावर मूठ आपटून गरजला, "एक वार, दोन वार, तीन वार. दिला. पिवळ्या फ्रॉकमधल्या बाईंना."

दिला तो एडका होता. एडका म्हणायचं ते केवळ रीत म्हणून. पावसाचं पाणी साठवायच्या टाकीला चार पाय आणि दोन वळलेली शिंगं लावली असती तर ती टाकी त्याच्यापेक्षा नाजूक दिसली असती. रेलीनच्या बापाची शेती निव्वळ गव्हाची. घरात एक मेंढी नव्हती. म्हणजे एवढा थोरला जीव विकत घेतला तो आजन्म ब्रह्मचारी ठेवण्यासाठी. पण मेंढीबाजारात एकदा हात वर गेला की गेला. बापाने जागेवर पैसे मोजले आणि चार दिवस तो घरात कुणाशी बोलला नाही.

पाचव्या दिवशी तोच लाल कानांचा पोरगा एडका पोचवायला आला. त्याने फाटक उघडलं, पाठ वळवली, आणि एडक्याने त्याला फाटकावरून उचलून थेट रेलीनच्या आईच्या फुलझाडांत नेऊन टाकलं. रेलीन म्हणते, तो हवेत असतानाच मला आवडला. बाप म्हणाला, "हे जनावर परत घेऊन जा." पोरगा फुलझाडांतून उठत म्हणाला, "परत घेता येत नाही काका. पण दर रविवारी येऊन त्याची तब्येत बघून जाईन म्हणतो." एडका नऊ वर्षं जगला. लग्न चौदा महिन्यांत झालं.

केल्विन ट्रेनॉर्डन पुढे जिल्ह्यातला पहिल्या नंबरचा लिलाववाला झाला. तो 'कोण बोलतंय?' म्हणाला की तीन मैलांवर उभा गहू मान डोलवायचा. आपल्याला दोनशे मेंढ्या घ्यायच्या होत्या हे लोकांना केल्विन फळीवर चढल्यावर कळायचं. पण आचारी जसा पंगतीला बसत नाही तसा लिलाववाला बोली लावत नाही. फळीवरच्या पंचवीस वर्षांत त्याने स्वतः एकदाही हात वर केला नाही. ही गोष्ट इथेच लक्षात ठेवायला हवी, कारण केल्विनने ती ठेवली नाही.

पन्नाशीला त्याच्या घशाने संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, "केल, आता हळू बोलायचं." केल्विनला हळू बोलता येतं ही कल्पना त्याला स्वतःलाच नवी होती. समुद्रकाठच्या वॉलरू गावातल्या घरात तो चार महिने टेबलाशी बसून चहा ढवळत राहिला. मग एके सकाळी वर्तमानपत्रात वाचलं की सिडनीतल्या कुणा माणसाने इंटरनेटवरचं एक नाव, वेबसाइट नसलेलं नुसतं नाव, घराच्या किमतीला विकलं. केल्विनने चमचा खाली ठेवला.

"रेलीन, जमीन आहे ही. नाव घ्यायचं, धरून ठेवायचं, ज्याला त्या नावाचं दुकान मांडायचंय तो कधीतरी येतोच. वरती पाऊस लागत नाही, खाली कुंपण लागत नाही, आणि मेंढीसारखी रात्री पाय मोडून घेत नाही."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

"तर पुढच्या वर्षी येईल."

नावांच्या धंद्यातल्या माणसाचा सगळा वेद या एका वाक्यात आहे, आणि तो केल्विनला पहिल्याच दिवशी पाठ झाला.

पंधरा वर्षांत त्याच्याकडे चारशे अकरा नावं जमली. मागच्या शेडमध्ये खिळ्यांच्या ओळी होत्या, आणि प्रत्येक खिळ्याला मेंढीच्या कानात मारतात तसला प्लास्टिकचा बिल्ला, त्यावर एकेक नाव ठोकलेलं. नाव पारखायचं तेही मेंढीसारखं. "हाड बघ," तो म्हणायचा. "आखूड, भरीव, तोंडाने सांगितलं की समोरच्याला न विचारता लिहिता आलं पाहिजे. मध्ये आडवी रेघ असली की मेंढी लंगडी. आकडा असला की दात पडलेली." दरवर्षी प्रत्येक नावाचं भाडं भरायचं असतं, त्यामुळे दरवर्षी छाटणी. छाटणीच्या दिवशी केल्विन बिल्ले हातात घेऊन शेडमध्ये येरझाऱ्या घालायचा आणि रेलीनला बाहेरून ऐकू यायचं, "तू वाईट नाहीस गं, पण तुला खातंय कोण?"

खरी शिकार मात्र रोज दुपारी दीडला. देशभरात जे लोक आपल्या नावाचं भाडं भरायला विसरले, त्यांना वर महिनाभर सवलत मिळते. तीही उलटली की ती नावं दीडच्या ठोक्याला मोकळी सुटतात. झेलून देणाऱ्या कंपन्या असतात. त्यांच्याकडे दुपारी बारापर्यंत बोली लावायची. ज्याची बोली वरची, त्याच्यासाठी कंपनी नाव झेलते. केल्विन घ्यायचा ती नावं दुसऱ्या कुणाला नको असायची, त्यामुळे चढाओढ अशी कधी झालीच नव्हती. सुटणाऱ्यांची यादी केल्विन सकाळी नाष्ट्याला घ्यायचा आणि दीडला गरम पेस्टीवर, म्हणजे मटण-बटाटा भरलेल्या थोरल्या करंजीवर, टोमॅटो सॉस ओतत, कोणतं नाव कोणाच्या झोळीत पडलं ते बघायचा.

विसरणाऱ्यांवर त्याचा फार जीव. बोलिंग क्लबात बिअरचा ग्लास वर धरून तो सांगायचा, "देवा, लोकांना सुखी ठेव आणि थोडं विसराळू ठेव. एवढं साधं काम, गड्या. पत्र येतं, पत्र वाचायचं, पैसे भरायचे. ज्याला तेवढंही जमत नाही त्याच्याकडे चांगलं नाव असणं हाच अन्याय आहे."

चारशे अकरांत एक नाव सगळ्यांचा राजा. वॉलरूच्या उथळ पाण्यात ओहोटीला दंताळी घेऊन लोक निळे खेकडे गोळा करतात. साऱ्या किनाऱ्याचं ते खाणं आणि तोच अभिमान. 'ब्लूक्रॅब्ज', पुढे डॉट कॉम, पुढे डॉट एयू. केल्विनने पहिल्याच महिन्यात घेतलेलं. त्याच्या बिल्ल्याला स्वतंत्र खिळा होता आणि ते शेडमध्ये शिरल्या-शिरल्या डोळ्यांसमोर यायचं. बाकीची नावं केल्विनने एका नव्या कंपनीकडे नेली होती. तिथे भाडं आपोआप भरलं जाई. खेकडे मात्र जुन्याच दुकानात, हाताने भरायचे. लागलेली चूल हलवू नये म्हणतात.

या एका नावावर ब्रूम टांगलेलं होतं. ब्रूम म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाचा तांबड्या कड्यांचा किनारा. १९८३ साली खाटकाकडून मिळालेल्या कॅलेंडरवर रेलीनने त्याचं चित्र पाहिलं. मेचं पान. तिने जूनमध्येही ते पान उलटू दिलं नाही. तेव्हापासून ठरलेलं होतं, कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, घ्यायची, गाडीला जोडायची, आणि दोघांनी ब्रूमला जायचं. आधी मुलं लहान, मग दुष्काळ, मग घसा, आणि शेवटी खेकडे. "एकदा खेकडे विकले जाऊ देत," केल्विन म्हणायचा, "मग अशी कॅराव्हॅन घेऊ की तिच्यात तुला वाट विचारावी लागेल."

रेलीनने वाट बघणंच सोडून दिलं होतं. शाळेच्या कँटीनमध्ये अकरा वर्षं सँडविचं लावून तिने स्वतःच्या नावावर बावीस हजार डॉलर जमवले. एप्रिलच्या त्या आठवड्यात शेजारच्या कडीना गावात, जुन्या गाड्या विकणाऱ्या एका आवारात तिला हवी ती सापडली. साय-रंगाची, जुनी, आत निळे पडदे. आवारवाला म्हणाला, शुक्रवारपर्यंत ठेवतो.

"तिचा मागचा दरवाजा वाकडा आहे," केल्विन म्हणाला.

"माझा गुडघाही वाकडा आहे. दोघी एकाच वेगाने जाऊ."

तो हसला. शुक्रवारी जाऊ म्हणाला.

गुरुवारी सकाळी दहाला रेलीन भांडी पुसत होती. टेबलाशी केल्विन यादी वाचत होता, नेहमीसारखा मोठ्याने, विसरणाऱ्यांचा उद्धार करत. "हा बघ, ॲडलेडचा दातांचा डॉक्टर. लोकांचे दात मोजतो आणि स्वतःची तारीख... हा एक, गवत कापणारा..." आणि मग आवाज बंद झाला. केल्विनचा आवाज आपणहून बंद होणं ही घटना त्या घरात डॉक्टरनंतर प्रथमच घडत होती. रेलीन वळली. त्याचे कान, जे सत्तरीच्या दिशेने जरा फिके झाले होते, जेम्सटाउनसारखे पेटले होते.

"रेलीन. खेकडे."

"फ्रीजरमध्ये आहेत."

"यादीत आहेत."

ती टॉवेल खांद्यावर टाकून आली. होते. मुदत संपलेली, वरचा महिना उलटलेला, आज दीडला मोकळे.

"पण तू तर पत्र वाचतोस," रेलीन म्हणाली. "पत्र येतं, पत्र वाचायचं, पैसे भरायचे."

"पत्र आलंच नाही. आठ महिन्यांत एक भंगार पत्र आलं नाही मला. मला वाटलं, रद्दी गाळणारी चाळणी नीट चालतेय."

आठ महिने म्हटल्यावर तोच थांबला. आठ महिन्यांपूर्वी, ऑगस्टात, त्याने एक नाव विकलं होतं. धक्क्यासमोर सहा खोल्यांचं मोटेल चालवणाऱ्या ग्लेनिसला. तिच्या मोटेलला शोभेल असं नाव केल्विनकडे होतं. सहाशे डॉलर आणि खेकड्यांचं जेवण. विक्री झाली या आनंदात त्याने ग्लेनिसच्या स्वयंपाकघरात गाणं म्हटलं होतं. फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात राहिली नाही. त्याचा स्वतःचा पत्रव्यवहाराचा ई-मेल पत्ता त्याच नावावर होता. घर विकलं, आणि पत्रपेटी दारालाच राहिली. 'हे नाव हवं असल्यास इथे लिहा' म्हणून खेकड्यांच्या पानावर टाकलेला पत्ताही तोच.

"म्हणजे आठ महिने तुझी पत्रं ग्लेनिस वाचतेय," रेलीन म्हणाली.

"ते नंतर. आता बारापर्यंत बोली आहे." केल्विन खुर्ची ओढून सरसावून बसला. "कोणाच्या लक्षात आलं नसेल. शंभरात मिळेल."

एक जण आधीच दोनशेवर बसला होता.

केल्विनने तीनशे लावले. लगेच चारशे. त्याने पाचशे लावले. लगेच सहाशे. पलीकडे कोण आहे ते दिसत नाही, नुसता आकडा बदलतो. पावणेबाराला आकडा चार हजारांवर होता आणि केल्विनच्या खात्यातले पैसे शेवटच्या मेंढीपर्यंत संपले होते.

"सोड," रेलीन म्हणाली.

"अगं, एवढं कोणी लावतंय म्हणजे त्याला ते हवंय. आणि त्याला हवंय म्हणजे त्याची किंमत आहे. चार हजारांना जो थांबत नाही तो चाळीसलाही थांबणार नाही. आपण घेऊ आणि त्यालाच विकू." तो वळला. "रेलीन, तुझं कार्ड."

ब्रूम तिच्या डोळ्यांपुढून पडद्यांसकट गेलं. पण खरं सांगायचं तर तिचाही श्वास वर चढला होता. एकेचाळीस वर्षांपूर्वी तिने हा माणूस पहिल्यांदा फळीवर पाहिला होता. गेली पंधरा वर्षं तो टेबलाशी बसून हळू बोलत होता, आणि आत्ता त्याच्या मानेची शीर जेम्सटाउनसारखी उडत होती. तिने पर्समधून कार्ड काढलं.

"दहा हजारांपर्यंत," ती म्हणाली. "त्यावर एक डॉलर नाही."

या लिलावात एक खोडी असते. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली की घड्याळ पुन्हा पाच मिनिटं मागे सरकतं. बाराला संपणारा लिलाव बाराला संपला नाही. सव्वाबाराला नऊ हजार. साडेबाराला बारा.

"दहा झाले, केल."

"त्याची बोली बारा आहे. आपली अजून दहाच आहे."

"अच्छा. मग तेरा लाव. मिजास बघ त्याची."

हे आपणच बोललो हे रेलीनला थोड्या वेळाने कळलं.

पंधराला केल्विन उभा राहिला. सोळाला खुर्चीवर चढला. आणि तिथे, सतराच्या आसपास, त्याचा घसा डॉक्टरला विसरून मोकळा झाला. "सतरा हजार, सतरा, सतरा, खिडकीजवळच्या सद्गृहस्थांचे सतरा, कोण म्हणतं साडेसतरा, हाड बघा, मंडळी, पाठ बघा, असलं जनावर पुन्हा फळीवर येणार नाही." खिडकीजवळ फ्रीज होता. केल्विन लिलाववाला होता आणि केल्विनच गिऱ्हाईक, आणि पंचवीस वर्षांत ज्याच्यापुढे एकही शेतकरी टिकला नव्हता त्या लिलाववाल्यापुढे हे नवशिकं गिऱ्हाईक काय टिकणार. लिलाववाला पेटवायचा, गिऱ्हाईक पेटायचं. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. शेल्फातल्या बश्या वाजत होत्या.

"एकोणीस हजार, समोरच्या पार्टीचे. कोण बोलतंय?"

आकडा थांबला होता. पाच मिनिटं उलटू लागली. चार. तीन. रेलीनने हिशेब केला नाही, तिला फक्त निळे पडदे दिसले, आणि तिने पुरे म्हणायला हात वर केला.

"एकोणीस हजार चारशे, पिवळ्या फ्रॉकमधल्या बाई," केल्विन गरजला आणि त्याने बटण दाबलं.

तिच्या अंगावर पिवळा फ्रॉक नव्हता. करडा स्वेटर होता. पण पलीकडून आकडा हलला नाही. एक वार. दोन वार. एकला दोन मिनिटं कमी असताना लिलाव बंद झाला, दीडला नावं सुटली, आणि निळे खेकडे परत त्यांच्याच झोळीत पडले. केल्विन खुर्चीवरून उतरला तो नाचतच. त्याने रेलीनला उचलायचा प्रयत्न केला, तिच्या गुडघ्याने आणि त्याच्या पाठीने एकमताने तो हाणून पाडला, आणि दोघं टेबलाला धरून हसत बसले. पेस्टी जळाली होती. ती त्यांनी सॉस ओतून खाल्ली.

"शुक्रवार?" रेलीनने विचारलं.

"शुक्रवारचं काय घेऊन बसलीस. महिन्याभरात त्या माणसाला शोधून काढतो. मग नवी कोरी घेऊ."

तीनला ग्लेनिस आली. बगलेत कागदांचा गठ्ठा.

"केल, राग मानू नकोस, पण तुझी रद्दी माझ्याकडे येते," ती म्हणाली. "मी आपली फसवणुकीची पत्रं समजून सोडून देत होते. पण सकाळी भाचा म्हणाला, मावशी, ही केल्विनकाकांची दिसतात. म्हणून छापून आणली. नाव संपतंय, नाव संपतंय, नाव संपलं. पाच वेळा तेच. किती भित्रे लोक असतात हे."

"बस ग्लेनिस," रेलीन म्हणाली. "चहा घे."

केल्विन कागद उलटत होता. पाच पत्रं भाड्याची. दोन कसल्याशा गोळ्यांची. आणि एक फेब्रुवारीतलं, पोर्ट लिंकनच्या एका मासळी कंपनीचं. निळ्या खेकड्यांचे डबे बाजारात आणायचे आहेत, आपल्याकडचं नाव हवं आहे, पंचेचाळीस हजार देऊ, कळवावे.

केल्विनने ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं, या वेळी लिलावाच्या आवाजात. ग्लेनिसचा चहा बशीत सांडला. पत्राखाली नंबर होता. त्याने फोन टेबलाच्या मध्यभागी ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा, आणि घसा साफ केला.

"कोण, ट्रेनॉर्डन?" पलीकडचा माणूस डॅरेन नावाचा होता, तरुण, तोंडात काहीतरी खात बोलणारा. "अरे हो, खेकडे. आम्ही लिहिलं होतं काका, पण तुमचं उत्तर नाही आलं."

"आता आलंय," केल्विन म्हणाला. "नाव तुमचं समजा."

"नाही, म्हणजे, आज ते लिलावात आलं ना. आम्हाला वाटलं तुम्ही सोडलंत. साहेब म्हणाले, चला, स्वस्तात पडेल. पण कुणी तरी माथेफिरू होता, थांबेचना. साहेबांनी एकोणीसला हात टेकले."

केल्विनने फोन आपल्याकडे ओढला.

"पण नाव मिळू शकतं," केल्विन जरा हळू म्हणाला. "त्या माथेफिरूकडून. मी ओळखतो त्याला."

"कशाला काका. आम्ही तासाभरापूर्वी दुसरं घेतलं. पंचवीस डॉलर. ट्रक रंगायला गेलेसुद्धा."

शुक्रवारी कॅराव्हॅन बेरी गावच्या एका जोडप्याने नेली. नाव केल्विनकडेच आहे. त्याचं भाडं त्याने पाच वर्षांचं एकदम भरून टाकलंय. अजून कोणी विचारलेलं नाही.